गुरगुरणं थांबलं आणि चावणं सुरू झालं

(वाचकांची पत्रं, प्राण्यांच्या डॉक्टरांची उत्तरं)

नवीन वाचकांसाठी आधी दोन गोष्टी. पत्रं मी कापून छापते आणि नावं छापत नाही, गावापुरता उल्लेख ठेवते. औषधाचा डोस पत्रातून सांगत नाही, कितीही आग्रह केलात तरी. नोकरीतली सगळी वर्षं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत गेली, त्यामुळे माझ्याकडे कुत्र्या-मांजरांइतकीच बैलांचीही पत्रं येतात. या वेळी बैलाचं एक घेतलं आहे.

“आमचा कुत्रा अडीच वर्षांचा, देशी आणि लॅब्रॅडॉर मिसळलेला. जेवताना कोणी जवळ गेलं की गुरगुरायचा. घरी येणाऱ्या प्रशिक्षकाने सांगितलं, ‘हा स्वतःला घरचा मुख्य समजतो, त्याला त्याची जागा दाखवा.’ गुरगुरला की मानगूट धरून जमिनीवर दाबायचं. मिस्टरांनी चपलेनेही मारलं. महिनाभरात गुरगुरणं एकदम बंद झालं, आम्ही खूश. परवा जावेचा पाच वर्षांचा मुलगा त्याच्या वाडग्याजवळून पळत गेला आणि याने काही आवाज न करता त्याचा हात धरला. दोन दात लागले, रक्त आलं. आता घरात ‘सोडून या कुठेतरी’ सुरू झालंय.” — वाचक, नाशिक

आधी मुलगा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. रक्त आलं म्हणजे डॉक्टर त्याला तिसऱ्या वर्गाची जखम म्हणतात. त्यात लशीबरोबर जखमेत अँटी-रेबीज सीरमही द्यावं लागतं. दंडाच्या स्नायूत द्यायची लस त्याच दिवशी सुरू होते, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. “आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे” हे डॉक्टरांना जरूर सांगा, पण तेवढ्यावर घरीच निर्णय घेऊ नका. कुत्र्याला दहा दिवस घरात नजरेखाली ठेवा. तुम्ही हे सगळं केलं असेलच, पण दुसरं कोणी हे पान वाचत असेल म्हणून लिहिलं.

आता तो. तुमचा कुत्रा आधी सांगत होता, “जेवतोय, लांब राहा.” ते सांगितल्यावर मार बसतो, हे तो शिकला. म्हणून त्याने सांगणं सोडलं. पोटातली भीती होती तिथेच राहिली. उलट वाढली, कारण आता माणूस वाडग्याजवळ आला की घास जातो आणि वर चप्पलही बसते. गॅसचा वास येतो म्हणून खिडकी उघडायची सोडून नाकात कापूस घालावा, तसं हे झालं. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मी घाबरत नाही. तपासणीच्या टेबलावर जो एकदम दगडासारखा होतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो आणि आवाज काढत नाही, त्याच्यापुढे माझा हात थांबतो.

‘घरचा मुख्य’ ही कल्पना कुठून आली तेही सांगते, कारण प्रशिक्षक अजून ती छातीठोकपणे सांगतात. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. कोंडलेले लांडगे एकमेकांवर चढाई करत होते, त्यावरून ‘टोळीचा म्होरक्या’ हे चित्र तयार झालं. पुढे अमेरिकेचे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीही ते लिहिलं आणि ते जगभर गेलं. मग त्याच मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे अनेक वर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातली टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. म्होरकेपणासाठी तिथे रोज कुस्त्या होत नाहीत. म्हणजे ज्यांच्यामुळे ते जगभर गेलं त्यांनीच ते मागे घेतलं, आणि आपले प्रशिक्षक अजून कुत्र्यांना चीत करताहेत! शिवाय कुत्रा लांडगा नाही आणि तुम्ही तर नाहीच नाही.

करायचं काय? पहिलं, दात, कान आणि मागचे सांधे तपासून घ्या. दुखणारा कुत्रा वाडगा जास्त राखतो. दुसरं, जेवण बंद दाराआड. घरात मूल असेल तेव्हा तर यात एकदाही सूट नाही, आणि हाड किंवा चघळायची काडीही मुलांसमोर द्यायची नाही. मारणं, दाबणं आजपासून बंद.

दोन-तीन आठवडे असे शांत जाऊ द्या. मग मोठ्या माणसाने, एकानेच, सुरुवात करायची. तो जेवत असताना इतकं लांब उभं राहायचं की त्याचं अंग सैल राहील, शेपटीची हालचाल बदलणार नाही, खाण्याचा वेग वाढणार नाही. तिथून वाडग्याच्या दिशेने उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. थांबायचं नाही, बोलायचं नाही, वाकून बघायचं नाही. रोज थोडा वेळ. तुम्हाला पाहून तो वाडग्यातून तोंड वर करून ‘आलं का काहीतरी’ असं बघायला लागला, की अर्धं पाऊल पुढे. मान कडक झाली, भराभर गिळायला लागला, की दोन पावलं मागे. घाई इथेच होते. ‘सुधारला का बघू’ म्हणून वाडगा उचलून पाहणारे महाभाग प्रत्येक घरात असतात, त्यांना या कामापासून लांब ठेवा. तुमच्याकडे आता चावा झालेला आहे, म्हणून हे सगळं वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याच्या देखरेखीखाली करा.

प्रशिक्षक बदला. आपल्याकडे ‘प्रशिक्षक’ अशी पाटी लावायला सरकारी परवाना लागत नाही, म्हणून चौकशी तुम्हालाच करावी लागेल. दोन प्रश्न पुरेत: कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता, आणि चुकला तर काय करता? पहिल्याला उत्तर नसेल आणि दुसऱ्याला लांबलचक असेल, तर चहा पाजून निरोप द्या. आणि “तुम्ही बाहेर थांबा, मालक असला की शिकत नाही” म्हणणाऱ्याच्या हाती दोरी देऊच नका.

सोडून देण्याबद्दल. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा अवस्थेत प्राणी वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी घरात वाढलेल्या कुत्र्याला अनोळखी रस्त्यावर तिथली कुत्री राहू देत नाहीत. आणि तो पुन्हा कोणाला चावला तर ते कोणाचं मूल असेल, हे तुम्हाला कळणारही नाही.

“अडीच महिन्यांचं पिल्लू आणलंय. सगळं घर सोडून गादीवर शू करतं. सासूबाई त्याचं नाक त्यात घासतात, म्हणतात आमच्या माहेरी असंच शिकवायचे. मला बघवत नाही, पण पर्याय काय?” — वाचक, कोल्हापूर

पर्याय म्हणजे घड्याळ. या वयाच्या पिल्लाला दोन-अडीच तासांच्या वर धरून ठेवता येत नाही, जागं असेल तर तेवढंही नाही. झोपून उठलं, जेवलं, खेळून थांबलं, की उचलायचं आणि ठरलेल्या जागी नेऊन उभं करायचं. तिथे केलं की त्याच क्षणी, तिथेच, खाऊचा दाणा. घरात आल्यावर दिलात तर त्याला वाटतं, घरात यायचं बक्षीस मिळालं. जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की तुमच्याकडे अर्धा मिनिट असतो.

नाक घासल्याने पिल्लाला एवढंच कळतं, की माणसासमोर शू केली की माणूस बिथरतो. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि घरचे म्हणतात, “बघा, लबाड आहे.” गादी आधी साध्या साबणाच्या पाण्याने आणि नंतर एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनियाचा वास असलेलं काही वापरू नका, तो त्यांना लघवीसारखाच येतो. आणि काही आठवडे गादीच्या खोलीचं दार लावा, साधी गोष्ट आहे.

सासूबाईंना घड्याळाचं काम द्या. माझा अनुभव असा, की ज्यांना नाक घासायचा उत्साह असतो त्यांना वेळेवर बाहेर नेण्याचाही असतो, फक्त ते काम त्यांच्याकडे कोणी सोपवलेलं नसतं.

जाता जाता, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी मनाई आहे. तुमचं त्या वयानंतरच घेतलेलं असेल अशी आशा करते.

“डॉक्टरताई, आमच्याकडे शेतावर राखणीला कारवानी कुत्रा आहे, दोन वर्षांचा. दिवसभर साखळीला असतो, रात्री सोडतो. सोडला की शेजाऱ्याच्या शेळ्यांमागे लागतो. एक करडू जखमी केलं, भरपाई द्यावी लागली. हाक मारली तर ऐकत नाही. भावाने ऑनलाइन करंटचा पट्टा बघितलाय, बटण दाबलं की झटका बसतो. घ्यावा का?” — वाचक, लातूर जिल्हा

घेऊ नका. आणि ज्या गोष्टीचा तुम्ही प्रश्नात ओझरता उल्लेख केलाय, त्या साखळीपासून सुरुवात करू.

कारवानी म्हणजे नजरेने शिकार करणारा कुत्रा. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, अंगावर चरबी नाही. आपल्या मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात कर्नाटकच्या हद्दीपर्यंत तो पिढ्यान्‌पिढ्या सशामागे धावण्यासाठीच निवडून वाढवलेला आहे. हलणारी वस्तू दिसली की त्याचे पाय मेंदूला विचारत नाहीत. असं जनावर दिवसभर चार हात साखळीवर उभं करायचं आणि अंधारात एकदम सोडायचं, तर तो करडामागे नाही लागणार तर काय करेल? कायदाही हेच म्हणतो. १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये दोन वेगळ्या बाबी आहेत. फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं ही एक, आणि सदोदित बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं ही दुसरी. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड दहा ते पन्नास रुपये, कित्येक दशकांपूर्वी ठरलेला, अजून तोच. मुंबईत तेवढ्यात दोन वडापावसुद्धा येतील की नाही शंका आहे, म्हणून लोक हसतात. तुम्ही दंडासाठी करू नका, करडासाठी करा.

दोन खांबांमध्ये जमिनीपासून उंच तार बांधा आणि साखळी तिच्यावर सरकती ठेवा, सावली आणि पाणी दोन्ही त्या टप्प्यात येईल अशी. जमलं तर जाळीचा कोंडवाडा करा, तो सगळ्यात चांगला. सकाळी उन्हाआधी आणि संध्याकाळी त्याला लांब दोरीवर पळवा, दहा-पंधरा मीटरची. दोरी गळपट्ट्याला नको, छातीच्या पट्ट्याला बांधा. हा कुत्रा क्षणात असा वेग घेतो, की दोरी संपल्यावर बसणारा हिसका मान मोडेल.

त्याच दोरीवर ‘ये’ शिकवा. शेळ्या नाहीत, काही नाही, अशा मोकळ्या रानात. दर खेपेला हाक एकदाच मारायची. आला की मटणाचा तुकडा, आणि लगेच पुन्हा मोकळं सोडायचं. बहुतेक लोक कुत्रा आला की साखळी लावतात. तो काय शिकतो? हाक म्हणजे मजा संपली. तुमचा कुत्रा बहिरा नाही, त्याने हिशेब केलेला आहे. दहा वेळा हाक मारा, त्यातल्या नऊ वेळा परत सोडा.

शेळ्यांची ओळख खूप लांबून करायची. दिसतील एवढ्याच, पण अंग ताणलं जाणार नाही इतक्या अंतरावर. त्याने शेळीकडे बघून मान तुमच्याकडे वळवली की तुकडा. वळवली नाही तर अंतर कमी पडतंय, मागे या. हे काही महिन्यांचं काम आहे. आणि खरं सांगायचं तर एवढं केल्यावरही करडं, कोंबड्या आणि हा एकटे सोडू नका. ज्या कामासाठी त्याचं रक्त पिढ्यान्‌पिढ्या तयार केलंय, ते शिकवण्याने पूर्ण पुसलं जात नाही. रात्री मोकळा सोडायचा असेल तर कुंपणाच्या आत.

आता झटक्याचा पट्टा. भाऊ बटण दाबेल तेव्हा कुत्रा शेळीकडे बघत असेल. झटका कुठून आला हे त्याला कळत नाही, समोर शेळी दिसते एवढंच कळतं. काही कुत्री त्यानंतर शेळीला घाबरतात, काही तिच्यावर जास्त तुटून पडतात. आणि त्या क्षणी समोरून तुमची मुलगी डबा घेऊन येत असेल तर? पोर्तुगालमध्ये पोर्टोच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रशिक्षणशाळांतल्या ९२ कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना हिसके, ओरडा, झटके देऊन शिकवलं जात होतं त्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं संप्रेरक वाढलेलं सापडलं, खाऊ देऊन शिकवलेल्यांत तसं नव्हतं. वेल्स देशाने हे पट्टे २०१० पासूनच बंद केलेत. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये सरळ सांगितलं, की कुत्रा कितीही अवघड असला तरी शिकवण बक्षिसानेच द्यावी. पट्ट्याच्या पैशांत तार, छातीचा पट्टा आणि पुष्कळ मटण येईल.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या गावाकडे या कुत्र्यांना सशावर सोडायची हौस अजून आहे. ससा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि कुत्रा सोडून मारणं ही शिकारच ठरते. तुम्ही करत नसाल, पण भावाला सांगून ठेवा.

“आमचा तीन वर्षांचा बोका, नसबंदी झालेला. दोन दिवसांपासून मुद्दाम पलंगावर आणि मोरीत थोडी थोडी शू करतोय. रेतीच्या ट्रेमध्ये बराच वेळ नुसता बसतो, ओरडतो. मिस्टर नवीन नोकरीत रात्री उशिरा येतात, त्याचा राग काढतोय असं आम्हाला वाटतं. त्याला कसं शिकवावं?” — वाचक, ठाणे

हे पत्र छापायची वाट न बघता मी त्याच संध्याकाळी उत्तर कळवलं, म्हणजे तो आता ठीक असेल. पण असं पत्र पुन्हा येऊ नये म्हणून छापते आहे.

बोका वारंवार बसतोय, जोर करतोय, थेंब थेंब येतंय किंवा काहीच येत नाही, ओरडतोय: हा शिकवणीचा विषय नाही. मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. बोक्याची ही नळी फार अरुंद असते, खड्यांच्या चुऱ्याने आणि चिकट गुठळ्यांनी बंद होते. पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत मरण येऊ शकतं. त्यामुळे रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना शोधायचा. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. आपली एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे मी प्रत्येक अंकात लिहायला तयार आहे.

दुखणं नसेल, डॉक्टरांनी लघवी तपासून तसं सांगितलं असेल, तर मगच ट्रेकडे बघायचं. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. जेवणाच्या वाडग्यापासून लांब, वॉशिंग मशीनच्या धडधडाटात नको. रेती रोज उपसायची. अगरबत्तीसारख्या वासाची रेती माणसाला आवडते, मांजराला नाही. काळं-पांढरं फिनाइल मांजराच्या घरात आणूच नका, पंजाला लागलेलं ते चाटून काढतात आणि ते विषारी आहे.

बोका मिस्टरांच्या ड्युटीचा राग काढत नव्हता. तेवढा हिशेब ठेवणारं मांजर मला भेटलेलं नाही. घडी बदलली की ते अस्वस्थ होतं एवढं खरं, आणि तो ताण मूत्राशयाच्या आजाराला हातभार लावतो, हेही खरं. पाणी जास्त पोटात जाईल असं बघा. नुसतं कोरडं खाणं असेल तर त्यात बदल डॉक्टरांना विचारून करा.

“खिल्लार खोंड, अडीच वर्षांचा. जुवाखाली घातला की चार पावलं चालतो आणि बसतो. वडील म्हणतात शेपटी पिरगाळ, आर लाव, उठतो की नाही बघू. उठतो, पण परत बसतो. आता जू बघितलं तरी मागं सरतो. तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, म्हणून विचारतो.” — वाचक, माण तालुका

बरं झालं विचारलंत. ‘कुत्र्याला प्रेमाने शिकवा’ म्हणणारे शहरात भरपूर आहेत, बैलाच्या बाजूने कोणी पत्र लिहीत नाही.

आधी खांदा बघा. जू जिथे बसतं तिथे हात फिरवा. गरम लागतंय, सूज आहे, कातडं जाड झालंय, खोंड अंग चोरतोय, तर खांदा आलाय. मग महिनाभर जू नाही, आणि तोवर जवळच्या दवाखान्यात दाखवा. नंतर चारही खूर बघा, खडा रुतलाय का, खुरांमधल्या बेचक्यात जखम आहे का. लाळ्या खुरकुताची लस चुकलेली नाही ना? हे सगळं ठीक असेल तरच ‘बसतो’ हा शिकवणीचा प्रश्न.

आता बैल कसा शिकतो ते. वेसणीला किंवा कासऱ्याला हलका ताण दिला, त्याने एक पाऊल टाकलं, ताण त्याच क्षणी सैल झाला. यात शिकवणारी गोष्ट ताण नव्हे, सैल होणं आहे. खोंडाला कळतं, पाऊल टाकलं की सुटका. आर, म्हणजे काठीचा खिळा, टोचताना हे होत नाही. तो चालला तरी माणूस पुन्हा टोचतो, कारण हाताला सवय लागलेली असते. मग चालून फायदा नाही हे त्याला कळतं आणि तो बसतो. बसल्यावर दोन मिनिटं तरी जू सैल होतं ना! म्हणजे बसायला तुम्हीच शिकवलं, वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक गोठ्यांत असंच घडतं.

नव्याने सुरुवात करा. पहिले काही दिवस नुसतं जू खांद्यावर, ओझं नाही, ते असताना समोर कडबा किंवा ओंजळभर पेंड. मग शिकलेल्या शांत म्हाताऱ्या बैलाशेजारी जुंपून मोकळं चालवायचं. जोडीचा बैल चालतो ते बघून खोंड निम्मं शिकतो, हे तुमच्या आजोबांना माहीत असणार. मग हलका ओंडका. गाडी शेवटी. आणि तो बसायच्या आधी थांबा. चार पावलांवर बसत असेल तर तीन पावलांवर तुम्हीच थांबवा, पाठ थोपटा, जू काढा. दुसऱ्या दिवशी पाच. खिल्लार तापट आणि चपळ, लवकर बिथरतो, पण लवकर शिकतोही.

शेपटी पिरगाळल्याने आतले मणके मोडतात. वाकड्या शेपटीचे किती बैल बाजारात दिसतात ते बघा, प्रत्येकामागे कोणीतरी घाई केलेली आहे. टोकदार खिळ्याची काठी ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी निषिद्ध आहे. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांच्या वर काम नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपू नये, असंही लिहिलंय. माणदेशातला उन्हाळा मला सांगू नका, मी तिथे नोकरी केली आहे.

खोंड शर्यतीसाठी तयार करताय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बैलगाडी शर्यतींना परवानगी देणारी महाराष्ट्राची कायदादुरुस्ती मान्य केली, म्हणून शर्यती भरतात, पण बैलाचे हाल करायचे नाहीत या अटीवरच. माझं स्वतःचं मत शर्यतीच्या विरोधात आहे. वडिलांना पटणार नाही, त्यांना वर लिहिलेला खांद्याचा भाग तेवढा वाचून दाखवा.

“सोसायटीने नोटीस लावली: कुत्र्यांना लिफ्टबंदी, आणि खाली भटक्यांना खायला घालणाऱ्याला दंड. हे चालतं का?” — वाचक, डोंबिवली

लिफ्टबंदी चालत नाही. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. खायला घालण्याबद्दल २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. त्यांनुसार जागा आणि वेळ ठरवून देण्याची जबाबदारी सोसायटीची, आणि ती जागा जिने, प्रवेशद्वार, मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब हवी. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ च्या आदेशात ठरलेल्या जागीच खायला घालायला सांगितलं. म्हणजे त्यांचा दंड चुकीचा, आणि जिन्याखाली थाळ्या मांडणारे तुमचे शेजारीही चुकीचे.

सभेत जाताना कुत्र्याचा पालिकेचा परवाना, रेबीजच्या लशीचं कार्ड आणि घाण उचलायच्या पिशव्या बरोबर न्या. लिफ्टमध्ये दोरी आखूड धरा. कोणी घाबरणारं आत असेल तर पुढच्या लिफ्टने जा. खालच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण पालिकेकडून करून घ्यायचा अर्ज तुम्हीच लिहून आणलात, तर अर्धी सभा तुमच्याकडे वळते. खायला घालण्यापेक्षा मी त्या अर्जाला जास्त पुण्य मानते.

“आजीकडे बारा वर्षांपासून हिरवा पोपट आहे, गळ्याला गुलाबी पट्टा. मी सातवीत आहे. त्याला ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायला कसं शिकवायचं? मारत नाही आम्ही, पेरू देतो.” — वाचक, पंढरपूर

पेरू देतोस हे छान. पण या पोपटाला, कीर म्हणतात त्याला, घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने बंद आहे. पिंजरा मोठा असला तरी, लाड केले तरी, अगदी तो विठ्ठल म्हणाला तरी. अशी पिल्लं ढोलीतून काढून आणतात, आणि एक बाजारात पोचेपर्यंत वाटेत काही मरतात.

पिंजऱ्याचं दार उघडून त्याला उडवून देऊ नकोस. बारा वर्षांत त्याच्या पंखांत ताकद राहिली नसेल, दाणा शोधणं त्याला माहीत नाही, कावळे आणि मांजरं त्याला लगेच पकडतील. आईबाबांना हे पत्र दाखव आणि वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करायला सांग. आपणहून कळवणं केव्हाही चांगलं. त्याला रानात सोडता येईल की सांभाळावं लागेल, ते तिथले डॉक्टर बघून ठरवतील.

आजी रागावतील, कदाचित रडतीलही. बारा वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. त्यांना माझ्याकडून सांग, की पोपट गेल्यावर गच्चीत बाजरीची कणसं बांधा, मातीच्या परळात रोज ताजं पाणी ठेवा. पंढरपुरात पोपटांचे थवे आहेत, संध्याकाळी येतील. शिकवायचंच असेल तर गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याला ‘बस’ शिकव, पण आधी घरच्या मोठ्यांना बरोबर घे आणि त्याला लस दिली आहे का ते विचार.